कोलंबोची रांग

गेल्या सप्टेंबरात आमच्या गावच्या विकास सोसायटीची वार्षिक सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली होती. गणपती होऊन गेले होते, चाकरमानी मुंबईला परतले होते आणि पावसाचा जोर ओसरला असला तरी कौलांवरून पागोळ्या पडतच होत्या. ओल्या छत्र्यांचा, खडूचा आणि उकळत्या चहाचा मिळून एक वास खोलीत कोंदला होता. सचिवांनी थकबाकीची यादी वाचली. अवकाळी पाऊस, थ्रिप्स कीड आणि एप्रिलातच कोसळलेला दर यांनी बागायतदार हैराण झाले होते. जुन्या कर्जाचे व्याज माफ करा आणि नवे कर्जही द्या, या दोन्ही मागण्या एकाच दमात पुढे आल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "अशान गावाची श्रीलंका होतली बघा!" सगळी खोली हसली. माझ्या शेजारी आमच्या वाडीतले तात्या बसले होते. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. ते हसले नाहीत. हातातल्या अहवालाची घडी घालत, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थयच्या माणसांनी काय केल्यानी रे?"

सभा पुढे सरकली, ठराव मंजूर झाले, चहा झाला. तात्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. एका शेजारी देशाचे नाव आपल्याकडे टोमणा म्हणून कधीपासून वापरले जाऊ लागले, हे मला नीट आठवते. २०२२ च्या उन्हाळ्यात श्रीलंका कर्जाखाली कोसळली, तेव्हा वाहिन्यांवरच्या चर्चांमधून ते सुरू झाले, पुढे प्रचारसभांमध्ये आले, आणि आता ते आमच्या सोसायटीच्या सभेपर्यंत येऊन पोहोचले आहे. उधळपट्टी केली की श्रीलंका होते, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. ज्या माणसांवर ते दिवस आले, ती त्या अर्थात कुठेच नाहीत.

तात्यांच्या बोलण्यात कोलंबो पूर्वीपासून येत असे. तिथे बंदरात उतरले की परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नसे, असे ते सांगत. गल्लीत शिरले की आधी खोबरेल तेलाचा वास येई, मग सुक्या मासळीचा. जेवायला भात, माशाचे तिखट कालवण आणि वर खवलेल्या नारळात मिरची-कांदा घालून चेचलेला पोल सांबोल असे. संध्याकाळी गॉल फेसच्या मैदानावर समुद्राकडे तोंड करून बसायचे, पतंग उडवणारी मुले बघायची आणि अख्खी कोळंबी वर चिकटवून तळलेले डाळीचे वडे खायचे. त्या वड्यांना तिकडे इस्सो वडे म्हणतात. तात्यांनी ते नाव इतक्या वेळा उच्चारले आहे, की कोळंबीचा मोसम आला की आमच्या घरातही त्याची आठवण निघते. तिकडची माणसे शिकलेली, नेटकी, हळू आवाजात बोलणारी, असे त्यांचे मत. मुलींच्या शाळा सुटल्या की रस्ते पांढऱ्या गणवेशांनी भरून जात, हे दृश्य ते फार कौतुकाने सांगतात.

त्याच गॉल फेसवर एप्रिल २०२२ मध्ये तंबू उभे राहिले. आंदोलकांनी त्या वस्तीला 'गोटा गो गामा' असे नाव दिले. गोटा म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, गामा म्हणजे गाव. त्या गावात वाचनालय होते, सामुदायिक स्वयंपाकघर होते, दवाखान्याचा तंबू होता. बाकीच्या शहरात रांगा होत्या. पेट्रोलसाठी, घासलेटासाठी, स्वयंपाकाच्या गॅससाठी, दुधाच्या पावडरीसाठी. मार्चच्या अखेरीस दिवसाला तेरा तास वीज जात होती. कागद आयात करायला परकीय चलन नव्हते म्हणून कोलंबो आणि परिसरातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. उन्हात तासन् तास उभी राहिलेली काही वयस्क माणसे रांगेतच कोसळून मरण पावली. यादवी युद्धाची झळ सोसलेल्या उत्तरेकडच्या मच्छीमारांच्या होड्या घासलेटावाचून किनाऱ्याला लागून राहिल्या. ते मी वाचले, तेव्हा आमच्या देवगडच्या बंदरातही होड्या किनाऱ्यावरच होत्या, कारण आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते. झापांनी शाकारलेल्या त्या होड्यांना ऑगस्टाची तारीख माहीत होती. मन्नारच्या आणि जाफन्याच्या होड्यांना कोणतीही तारीख नव्हती.

या देशाने कर्ज कसे केले, हे आंबा बागायतदाराला समजावून सांगणे अवघड जाऊ नये. आमच्याकडे मोहोर दिसायच्या आधीच खर्च सुरू होतो. फवारणीची औषधे, खत, राखणीला नेपाळी गडी, पेट्या, पेंढा, गाडीभाडे, हे सारे बहुतेक वेळा वाशीच्या दलालाकडून घेतलेल्या उचलीवर चालते. मग माल त्याच्याच गाळ्यावर जातो, आणि पट्टी येते तेव्हा उचल, कमिशन, हमाली वजा होऊन जे उरेल ते आपले. एखाद्या वर्षी मोहोर गळून गेला तर जुनी उचल भागवायला नवी उचल घ्यावी लागते. श्रीलंकेने २००७ पासून जगाच्या बाजारात डॉलरमधले कर्जरोखे विकायला सुरुवात केली. सहा, सात, आठ टक्के व्याज, आणि मुदत संपली की सगळी मुद्दल एकरकमी परत. ती मुद्दल द्यायला पुन्हा नवे रोखे. शिवाय या सगळ्या काळात जे महामार्ग, बंदरे, विमानतळ उभे राहिले, ते जे काही कमावत होते ते रुपयांत, आणि फेड होती डॉलरमध्ये. आपल्याकडे सरसकट सगळा दोष चीनच्या सापळ्याला देण्याची रीत आहे. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले, हे खरेच आहे. पण परकीय कर्जाचा सर्वांत मोठा वाटा, एक तृतीयांशाहून अधिक, या बाजारी रोख्यांचा होता, आणि त्यांचे धनी न्यूयॉर्क आणि लंडनमधले गुंतवणूकदार होते. हे आपण सोयीने विसरतो.

उचलीची तुलना इथपर्यंतच चालते. बाग माझी असते, उचल मी घेतो, करारावर सही माझी असते.

पुढचे निर्णय कोणी घेतले, ते पाहिले की तात्यांचा प्रश्न जास्तच टोचू लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे मोठ्या मताधिक्याने राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि लगेच मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला गेला, इतरही अनेक कर कमी झाले किंवा रद्द झाले. सरकारी उत्पन्न आधीच तुटपुंजे होते, ते आणखी आटले. त्याच वर्षी ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटनाचे कंबरडे मोडलेले होते, आणि लगोलग करोना आला. पतमानांकन घसरल्यावर नवे रोखे विकणे अशक्य झाले. मग परकीय चलनाच्या गंगाजळीतून हप्ते भरणे सुरू झाले आणि देशातला खर्च भागवायला मध्यवर्ती बँक नोटा छापू लागली. २०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास असलेली गंगाजळी मे २०२२ पर्यंत इतकी आटली, की वापरता येतील असे पाच कोटी डॉलरही नाहीत, असे अर्थमंत्र्यांनाच सांगावे लागले. यातली एक गोष्ट मला अजून समजून घेता आलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा जाणवू लागलेला असताना, दुकानांपुढे रांगा लागलेल्या असताना, सरकारने रोखेधारकांची पन्नास कोटी डॉलरची मुद्दल ठरल्या दिवशी चुकती केली. पत राखण्यासाठी, असे सांगितले गेले. तीन महिन्यांत, १२ एप्रिलला, परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याची घोषणा झालीच. स्वातंत्र्यानंतर प्रथमच देशाने हात वर केले. ते पन्नास कोटी डॉलर तोवर परदेशी खात्यांमध्ये जमा होऊन गेले होते.

रुपयाच्या बाबतीतही तसेच झाले. २०२१ मध्ये डॉलरचा दर दोनशेच्या आसपास धरून ठेवण्यात आला, आणि बँकेबाहेरून पैसे पोहोचवणारा हुंडीवाला त्याहून बराच जास्त दर देत होता. आखातात घरकाम करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या हजारो श्रीलंकन स्त्रियांनी बँकेऐवजी हुंडीने पैसे धाडले, यात त्यांचे काय चुकले? रत्नागिरीच्या खाडीकाठच्या कितीतरी गावांची घरे कुवेत-दुबईच्या पैशावर उभी राहिली आहेत. मनीऑर्डरवर वाढलेल्या माणसाला एवढे कळते, की घरी दोन पैसे जास्त पोहोचावेत म्हणून पाठवणारा रस्ता बदलतो. अधिकृत मार्गाने येणारे पैसे एका वर्षात सात अब्ज डॉलरवरून साडेपाच अब्जांवर आले. मार्च २०२२ मध्ये दर मोकळा सोडला, तेव्हा काही आठवड्यांतच डॉलर साडेतीनशे रुपयांपुढे गेला, आणि ज्यांच्या घरी परदेशातून काहीच येत नव्हते त्यांची कमाई जागच्या जागी निम्मी झाली.

खताचा निर्णय मला सर्वांत जिव्हारी लागतो. २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. संपूर्ण देश सेंद्रिय शेती करणार, असे जाहीर झाले. मी सेंद्रिय शेतीच्या विरोधात नाही. परसातल्या भाजीला शेणखत आणि नाचणीला राब यांवरच आमच्या आजीचा संसार चालला. पण भाताच्या वाफ्याला लावणीनंतर युरिया मिळाला नाही तर रोपे कशी पिवळी पडत जातात, हे कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले आहे. सोसायटीत खताची गाडी आठवडाभर उशिरा आली तरी आमच्याकडे माणसे दिवसातून दोनदा चौकशीला येतात. तिकडे पूर्ण हंगामच तसा गेला. भातात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला, चहाचे उत्पादन घटले, आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, तेव्हा पुढच्या पिकाचीही वेळ हुकलेली होती. खतावर खर्च होणारे परकीय चलन वाचावे, हा त्या निर्णयामागचा न बोललेला हेतू होता, असे अनेकांचे मत आहे आणि मला ते पटते.

आता यातले राजकीय अस्थैर्याचे काय? आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते, की सुधारणांना स्थैर्य लागते. श्रीलंकेचा इतिहास वाचताना मला त्याची उलटी बाजू दिसत गेली. खतबंदी आणि रुपया धरून ठेवण्याचे धोरण ज्या सरकारने राबवले, त्याच्याकडे ऑगस्ट २०२० पासून संसदेत मित्रपक्षांसह दोन तृतीयांश बहुमत होते. राष्ट्राध्यक्ष एक भाऊ, पंतप्रधान दुसरा भाऊ, पुढे अर्थमंत्री तिसरा भाऊ. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवणारी घटनादुरुस्तीही सहज मंजूर झाली होती. यापेक्षा स्थिर सरकार कोणाला मिळते? देशाचे सर्वांत मोठे नुकसान त्या स्थैर्याच्या काळात झाले, कारण नाही म्हणणारे कोणी समोर उरले नव्हते. रस्त्यावरची अस्थिरता त्यानंतर आली, आणि ती रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी आणली.

९ जुलै २०२२ ची ती चित्रफीत मी आमच्या पडवीत बसून पाहिली. बाहेर मुसळधार कोसळत होते, वीज दोनदा येऊन गेली होती, आणि फोनच्या पडद्यावर कोलंबोतल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी साधी माणसे पोहण्याच्या तलावात उड्या मारत होती, पलंगांवर बसून बघत होती, रांगेने जिने चढत होती. मला आनंद झाला, हे खोटे कशाला सांगू? पण तो आनंद टिकला नाही. गोटाबाया आधी मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले आणि राजीनामा त्यांनी ईमेलने धाडला. पेट्रोल पंपावरची रांग होती तिथेच राहिली. २० जुलैला संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना १३४ मतांनी राष्ट्राध्यक्ष केले; त्यांच्या पक्षाची संसदेत एकच जागा होती, त्यांची स्वतःची. त्यानंतर दोनच दिवसांत, मध्यरात्री सैन्याने गॉल फेसच्या आंदोलकांवर कारवाई केली.

ज्या माणसाला जनतेने त्या पदासाठी मत दिलेले नव्हते, त्याच्या हातून कठोर सुधारणा झाल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. या देशाचा नाणेनिधीबरोबरचा तो सतरावा कार्यक्रम. आधीचे सोळा होऊन गेले, आणि त्यातले बरेच अर्ध्यावरच सुटले. या वेळी अंमल कडक होता. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी वाढले. आठ टक्क्यांवर आणलेला मूल्यवर्धित कर १८ टक्क्यांवर गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये ७० टक्क्यांवर पोहोचलेली महागाई वर्षभरात एक आकडी झाली, आणि हे यश मोठे आहे. ते मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. रांगा संपल्या, औषधे आली, दिवे लागले. मात्र जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२३ मध्ये सुमारे पाव लोकसंख्या दारिद्र्यात होती. २०१९ मध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. एकट्या २०२२ मध्ये तीन लाखांहून अधिक माणसे कामासाठी देश सोडून गेली.

आणि भविष्यनिर्वाह निधी. हा तपशील आपल्याकडच्या चर्चांमध्ये क्वचितच येतो, म्हणून सांगतो. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली. बँका कोसळतील म्हणून त्यांना त्यातून वगळले. ज्या निधीत कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुली, चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर, कारकून यांची निवृत्तीची पुंजी आहे, त्या निधीला मात्र जुने रोखे देऊन कमी व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घ्यावे लागले. न घेतल्यास निधीच्या उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर बसणार होता. परदेशी रोखेधारकांनाही डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या रकमेच्या काही भागावर पाणी सोडावे लागले, पण त्यांच्या नव्या रोख्यांमध्ये अशी अट आहे, की अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा चांगली वाढली तर त्यांचा परतावाही वाढेल. मळ्यातल्या मजूर बाईसाठी अशी अट कोणी लिहिली नाही. तिच्या नावावर जमा झालेली पुंजी कमी वेगाने वाढेल, आणि निवृत्तीच्या वेळी हाती येईल तेव्हा ती किती कमी आहे, याचा हिशेब तिला कोणी मांडून दाखवणार नाही.

याच काळात, मार्च २०२३ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका पैसे नाहीत म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. ही बातमी वाचली तेव्हा मी सुन्न झालो. ज्यांच्याकडून इतका त्याग मागितला जात होता, त्यांचे मत घ्यायला सरकारकडे पैसा नव्हता. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्काचा भंग ठरवला. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच न्यायालयाने राजपक्षे बंधू आणि मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर यांच्यासह काही वरिष्ठांना या आर्थिक कोसळणीबद्दल जबाबदार धरले. त्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला, असे नोंदवले. तात्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, मग शिक्षा काय झाली? याचिकाकर्त्यांना खर्चापोटी काही रक्कम द्यावी, एवढा आदेश झाला. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. पण मला त्या निकालाचे मोल वाटते. कर्ज कोणाच्या निर्णयांमुळे अंगावर आले, हे एका न्यायालयाने नावे घेऊन लिहून ठेवले आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. पाच वर्षांपूर्वी त्यांना जेमतेम तीन टक्के मते होती. नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या, तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली. नाणेनिधीच्या अटींवर फेरविचार करू, असे ते प्रचारात सांगत होते. सत्तेवर आल्यावर कार्यक्रम जवळजवळ तसाच चालू राहिला. याचे वाईट वाटावे की बरे, हे माझे मलाच कळत नाही. करार मोडला असता तर पहिला फटका पुन्हा रांगेतल्यांनाच बसला असता. मोडला नाही, तर ज्यांनी बदलासाठी मत दिले त्यांच्या वाट्याला तेच हप्ते. तरीही एक फरक मी मानतो. हा भार उचलायला सांगणारे सरकार आता त्यांनी स्वतः निवडलेले आहे, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला जाब विचारता येणार आहे.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळ श्रीलंकेवर आदळले. सहाशेहून अधिक माणसे गेली, मध्य भागातल्या डोंगरांवर दरडी कोसळल्या, आणि डिसेंबरात नाणेनिधीकडून वीस कोटी डॉलरहून थोडे अधिक तातडीचे कर्ज घ्यावे लागले. आम्ही 'तौक्ते' पाहिले आहे. मे महिन्यात, तोडणी चालू असताना, झाडांखाली आंब्यांचा खच पडला होता आणि आंबट वास आठवडाभर वाडीतून हटत नव्हता. त्या वर्षीच्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखांना देय होतेच. श्रीलंकेच्या भारत, जपान, चीन अशा सावकार देशांनी २०२४ च्या करारांमध्ये हप्ते २०२८ पर्यंत पुढे ढकलले आहेत, आणि त्यांची फेड २०४३ पर्यंत चालेल. ग्रेनाडा या चिमुकल्या बेटाच्या रोख्यांमध्ये अशी अट आहे, की चक्रीवादळ आले तर हप्ते आपोआप पुढे सरकतात. २०२४ च्या बेरिल वादळानंतर त्या देशाने ती वापरलीही. श्रीलंकेच्या करारांमध्ये ती असायला हवी, आणि त्या देशाचा एक मोठा सावकार या नात्याने भारताने आपल्या करारात ती पहिल्यांदा लिहून द्यावी, असे मला मनापासून वाटते. २०२८ यायला फार वेळ उरलेला नाही.